आक्कांचा लाईटीवरचा नांगर

पाण्यातनं नांगर वर ओढला की एकटा नांगर कधीच येत नाही. त्याच्या दातांना गाळ येतो, शेवाळ येतं, कुणाच्या तरी तुटक्या जाळ्याचं टोक येतं. एकदा तर एका पायातली चप्पल आली होती. आमच्या घरातल्या गोष्टींचं तसंच आहे. एक काढायला जावं तर पाच चिकटून वर येतात. बायका चहाला बसल्या की म्हणतात, हौसाबाई, त्या मशीनचं सांगा. आता मशीनचं एकटीचं कसं सांगणार? सगळंच वर येतं.

तर आटपाट पाणी होतं. भिगवणच्या अलीकडं पाण्याच्या काठाला एक वस्ती होती. वस्तीत दोन जावा नांदत होत्या. थोरली सगुणा, तिला मी आक्का म्हणते. धाकटी मी, हौसा. थोरलीचा लेक दत्तू. माझा लेक संपत, त्याची बायको मंगल. दोन घरांच्या मधी एकच भिंत, आणि दोन्ही दारांत एकेक शिडाची होडी. पाणी एक, वारा एक, पक्षी बघायला येणारी माणसं पण तीच. एक दिवस थोरलीच्या घरी मशीन आली, धाकटीच्या घरी आली नाही. तेव्हापासनं धाकटीच्या पोटात जे दुखायला लागलं, त्याची ही कहाणी.

*

शिडाची होडी कशाला, असं नवा माणूस विचारतो. अहो, इंजिनाची फटफट ऐकली की फ्लेमिंगोंचा अख्खा थवा उडतो. शीड लावलं की होडी मांजराच्या पावलानं जाते. पक्षी दिसले की नांगर टाकायचा, शीड उतरवायचं, फोटोवाल्यांचं मन भरलं की नांगर ओढायचा आणि पुढं जाऊन परत टाकायचा. दिवसभर हेच. उजनीचा गाळ तर असला चिवट, की रुतलेल्या म्हशीला ओढून काढावं तसा नांगर काढावा लागतो. माझा संपत आणि आक्कांचा दत्तू, दोघंही हातानंच काढायचे. तोवर माझं काही दुखत नव्हतं.

मग दत्तूनं बारामतीच्या एका पार्सलवाल्याकडनं खोकं आणलं. पार्सलवाल्यानं विचारलं, काय आहे आत? दत्तू म्हणाला, नांगराची मशीन, बॅटरीवर चालते. झालं. आमच्याकडं नांगर म्हटलं की कुणाला होडी आठवत नाही. संध्याकाळपर्यंत बातमी कळंबपर्यंत गेली, की दत्तूनं लाईटीवरचा नांगर आणलाय, ट्रॅक्टर नको का डिझेल नको.

दुसऱ्या दिवशी कळंबचे तात्या मोटरसायकलवर हजर. उसाचे मोठे बागायतदार. पायातल्या चपला न काढता ओसरीवर आले आणि म्हणाले, दोन फाळी हाय का तीन फाळी? दत्तूनं खोकं उघडलं. आत कुकरएवढं एक चकचकीत यंत्र. तात्यांनी ते चारी बाजूंनी बघितलं, खाली वाकून बघितलं, फाळ कुठंच दिसेना.

दत्तू म्हणाला, "तात्या, ही होडीच्या नांगराची मशीन हाय. नांगर पाण्यात टाकायचा, मग ह्या मशीननं वर काढायचा."

तात्यांनी बराच विचार केला.

"वरच काढायचा हाय, तर मग टाकायचाच कशाला?"

आक्का रागानं आत निघून गेल्या. मला मात्र तात्यांना अजून एक कप चहा पाजावासा वाटला.

*

मशीन बसवायला कळंबचाच बाळू मिस्त्री आला. त्याचा हात ट्रॅक्टरवर बसलेला, होडी त्यानं पहिल्यांदाच बघितली. त्यानं होडीच्या नाकावर खडूनं गोल काढला आणि कटर चालू केला. आक्कांनी तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला. ज्या होडीला आजवर एक खिळा ठोकू दिला नाही, तिला भोक पाडायला माणूस बोलावला आणि वर त्याला मटणाचं जेवण घातलं!

मग मिस्त्री म्हणाला, मशीनला खालनं आधार पाहिजे, नाहीतर ओढ बसली की होडीचं टाळकं फाटंल. जाड, मुरलेलं लाकूड द्या. घरात तसलं लाकूड एकच, आक्कांच्या माहेरचा सागवानी पोळपाट. आक्कांनी तो धुऊन, पुसून, हळद लावून दिला. बाळूनं त्याला चार भोकं पाडली आणि होडीच्या पोटातनं मशीनच्या खाली बोल्टानं आवळला. त्याला जोडून अंगठ्याएवढ्या जाड वायरी, ट्रॅक्टरची बॅटरी, आणि ताण आला की आपोआप पडणारा एक खटका. हातात धरायला डबीएवढं खोकं, त्यावर दोन बटणं. हिरवं दाबलं की नांगर वर, लाल दाबलं की खाली.

तेव्हापासनं आक्का पोळ्या उलट्या परातीवर लाटतात. कुणी विचारलं की सांगतात, "माजा पोळपाट दत्तूच्या मशीनखाली हाय." असं सांगतात की जणू पोळपाट कलेक्टर झालाय.

*

पूजेच्या दिवशी सगळी वस्ती काठाला. मशीनला हळदीकुंकू, झेंडूची माळ, नारळ. मान आक्कांचा. बाळू म्हणाला, आज्जे, हिरवं दाब, नांगर वर येईल. आक्कांनी डोळे मिटून हिरवं दाबलं.

नांगर खोल होताच कितीसा, काठापाशी तर टाकलेला. तो वर यायच्या ऐवजी साखळी सुटली की खाली! घर्रर्र करत होडीच्या पोटातली सगळी साखळी पाण्यात. आक्का घाबरून आणखीन जोरात हिरवं दाबतायत. बाळू ओरडतोय, सोड, सोड. वायरी उलट्या जोडल्या होत्या त्यानं.

आक्कांनी बटण सोडलं, घाम पुसला आणि म्हणाल्या, "वर म्हटलं की खाली जातंय. ह्ये मशीन हाय का माजी सून?"

आक्कांची सून, दत्तूची बायको, तिथंच उभी होती. ती जी माहेरी गेली, ती बाळूनं वायरी सरळ करून चार दिवस झाले तरी आली नाही.

मी घरी येऊन देवाजवळ दिवा लावला. कशासाठी लावला ते देवाला माहीत.

*

वायरी सरळ झाल्या आणि माझे दिवस उलटे झाले.

सकाळी मी चुलीपुढं बसलेली असायची आणि पाण्यावरनं आवाज यायचा, घर्रर्र, थांब, घर्रर्र. लग्न होऊन आले तेव्हा आमच्या जुन्या विहिरीचा रहाट असाच वाजायचा. दोन दगडी खांब, मधी आडवं लाकूड. मी आणि आक्का पहाटे एकमेकींचा दोर धरायचो. धरणाचं पाणी आलं तशी विहीर, रहाट, जुनं गाव, सगळं खाली गेलं. आता रहाट परत वाजायला लागला, पण एकट्या आक्कांचा. दारात बसल्या बसल्या मला कळायचं, आता हिरवं दाबलं, आता लाल. हिरव्याचा आवाज कुंथल्यासारखा, लालचा मोकळा. माझे कान त्या मशीनला जुंपलेले.

फोटोवाले तर खुळावलेच. एवढ्या लांबनं गुलाबी पक्षी आलेत, त्यांच्याकडं पाठ करून ही माणसं साखळीचा व्हिडिओ काढायची. पुण्याची एक बाई सारखी म्हणायची, वन्स मोअर, काकू, वन्स मोअर. आणि आक्का, नऊवारी नेसून, होडीच्या नाकावर पाटावर बसून, खोकं हातात धरून नांगर खाली-वर करायच्या. बिचारा नांगर गाळात टेकतोय न टेकतोय तोवर परत वर.

आमच्या होडीत कोण बसणार? संपतनं पण जिद्दीनं ओढ ओढ ओढला. एक दिवस नांगर निम्म्यावर आणि संपत तिथंच बसला. उठता येईना. बारामतीच्या डॉक्टरनं सांगितलं, मणका सरकलाय, वाकायचं नाही, ओढायचं तर नावच काढायचं नाही. संपत भिंतीकडं तोंड करून झोपला. होडी नसेल तर त्याला बारामतीच्या कुठल्यातरी कंपनीच्या गेटवर शिट्टी घेऊन उभं राहावं लागणार होतं. पाण्यावरचा माणूस तो. गेटवर वाळून गेला असता.

त्या दिवसांतच मी एकदा आक्कांच्या होडीवर गेले. कौतुक करायलाच गेले होते, निदान होडीत पाय ठेवेपर्यंत तरी. खोकं त्यांच्या मांडीवर होतं. मी म्हणाले, आक्का, एकदा दाबू का?

आक्कांनी खोकं पदराखाली घेतलं.

"नगं गं हौसा. तुज्या हाताला सवय न्हाय."

बटण दाबायला सवय! ह्या हातानं मी त्यांच्या दत्तूची नाळ कापलीय.

*

मंगल माझी सून असली तरी डोकं तिचं स्वतःचं आहे. तिच्या भावाची रसवंती हायवेला धूळ खात पडली होती. ती म्हणाली, आत्याबाई, उसाचं कांडकं ओढून घेतंय, तर दोर का न्हाय ओढणार? ह्यात चूक काय, मला तरी दिसली नाही. आम्ही रसवंतीचं मोठं चाक, दोन लोखंडी लाटा आणि खालची पन्हाळ आणून आमच्या होडीच्या नाकावर बसवलं. मी तर चाकाला घुंगरूही ठेवला. आक्कांची मशीन नुसती घरघरते, आमची वाजत गेली पाहिजे.

पहिली गोष्ट झाली ती ही, की होडीचं नाक पाण्याला टेकलं आणि मागचं बूड वर आलं. होडी नमस्कार घालत चालली. तरी मंगल म्हणाली, चालतंय.

चार पाहुणे मिळाले, त्यात एक वयस्कर गृहस्थ, डोक्यावर पांढरी टोपी. पक्षी बघून झाले. मंगलनं नांगराचा दोर दोन लाटांच्या मधी घातला आणि चाक फिरवलं. छुम छुम छुम. दोर खरंच आत आला हो! मागनं चिपाडासारखा चपटा होऊन पडत होता, आणि पुढं पन्हाळीतनं पिळून निघालेलं काळंहिरवं पाणी धारेनं बादलीत. माझी छाती अशी फुगली. मी मुद्दाम आक्कांच्या होडीकडं बघितलं, बघतायत ना.

तेवढ्यात गृहस्थ बादलीत डोकावले आणि म्हणाले, "मावशी, मला बिनबर्फाचा."

आक्का बघत नव्हत्या, पण ऐकत होत्या. पाण्यावरनं हसू आलं ते अजून माझ्या कानात आहे. चपटा झालेला दोर दोनच दिवसांत तुटायला आला. रसवंती परत हायवेला गेली, आणि मंगल हातानं नांगर ओढायला लागली.

*

पण मशीनला पण खायला लागतं, हे आक्का एकदा विसरल्या.

झालं असं, की संध्याकाळी लाईट गेली. आक्कांची मालिका ऐन रंगात. दत्तू नको नको म्हणत होता, तरी होडीतली बॅटरी घरात आणायला लावली आणि तिच्यावर टीव्ही लावला. मालिका संपली तशी दुसरी बघितली, दुसरी संपली तशी बातम्या पण बघितल्या. सकाळी तीच बॅटरी होडीत.

लाल बटणाला जोर लागत नाही, त्यामुळं नांगर खाली गेला तो झकास गेला. ऊन डोक्यावर आलं, पाहुणे दमले, आक्कांनी हिरवं दाबलं. मशीन एकदा कुंथली आणि गप्प. दत्तूनं हातानं ओढून बघितलं, पण महिनाभर मशीनवर विसंबलेल्या हाताला फोड यायला लागले. लोखंडी साखळी, वर गाळ. निघेना.

शेवटी दत्तूचा फोन आमच्या मंगलला. मंगलनं शीड लावलं, मी पण बसले, अशी संधी सोडते होय! मंगलनं पदर खोचला, त्यांच्या होडीत उडी मारली आणि दत्तूनं न् तिनं मिळून हिसक्याहिसक्यानं नांगर वर घेतला. आक्का पाटावर मान खाली घालून बसलेल्या. मला पुष्कळ काही बोलायचं होतं. मी एवढंच विचारलं:

"आक्का, काल मालिकेत शेवटी काय झालं?"

आक्का खोकं पदरानं पुसत राहिल्या. पण संध्याकाळी भिंतीच्या पलीकडनं वाटीभर चिलापी माशाचं कालवण आलं. वाटी परत द्यायला मी गेले तर म्हणाल्या, काय लागलं तर सांग, मशीन आपलीच हाय. आपलीच म्हणाल्या, पण खोकं उंच फळीवर होतं.

*

आता शेवटचं सांगते.

मंगलचे हात सोलवटले. संपत म्हणाला, बस्स, होडी विकू. इंदापूरकडचा एक हॉटेलवाला तयार झाला. होडी काय चालवायला घेणार नव्हता तो. हॉटेलच्या दारात ठेवणार होता. तिच्यात माती भरायची, मोगरा लावायचा, आणि गिऱ्हाइकानं समोर उभं राहून फोटो काढायचा. संपतनं हे ऐकलं आणि ताटावरनं उठला. तरी म्हणाला, बोलावतो त्याला.

हॉटेलवाला आला, पांढरे बूट घालून. म्हणाला, एक चक्कर तर मारू. संपत सुकाणूला, पाठीला उशी. मंगल शिडाच्या दोराला. मी पण गेले, आमच्या होडीची शेवटचीच चक्कर म्हणून. पाणी तेव्हा उतरायला लागलं होतं. दोन वाळक्या बाभळींचे शेंडे वर आले होते, त्यांच्या सरळ रेषेत पोचलो तशी मी मंगलला म्हणाले, हितं टाक गं नांगर, हितनं पक्षी बरे दिसतात. मंगलनं टाकला.

हॉटेलवाल्यानं दोन फोटो काढले आणि म्हणाला, चला. मंगलनं दोर ओढला. नांगर हलेना. गाळात रुतलेला नांगर थोडा तरी लचकतो, हा दगडात धरल्यासारखा. होडी पुढं घेतली, मागं घेतली, गोल फिरवली. नाहीच. पांढऱ्या बुटांत पाणी गेलं. संपतचा चेहरा बघवेना, नक्की कशानं ते त्याचं त्याला माहीत.

दत्तूला फोन गेला. दत्तू आला आणि आक्का पण आल्या, खोकं हातात धरून. दत्तू म्हणत होता, मशीननं अडकलेला नांगर ओढायचा नसतो, मशीनला सोसत न्हाय. पण आक्कांना परवाचं फेडायचं होतं. त्यांनी दोन्ही होड्या एकमेकींना बांधायला लावल्या. दत्तूनं आपला नांगर काढून ठेवला आणि त्याच्या साखळीच्या आकड्याला आमचा दोर अडकवला. आता हिरवं दाबायचं, की निघाला.

सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण आक्कांनी खोकं माझ्यापुढं धरलं होतं.

"घे हौसा. तुजी होडी, तुजा नांगर. तूच दाब."

एवढे महिने ज्याच्यासाठी पोट दुखलं, ते माझ्या हातात होतं. गरम लागलं, आक्कांच्या हातातलं होतं ना. हॉटेलवाला म्हणाला, दाबा मावशी लवकर, मला उशीर होतोय. संपतनं तोंड फिरवलं.

मी दाबलं.

साखळी सुटली ती मोकळा आवाज करत खाली. घर्रर्र, थांबेचना. तिच्या मागं आमचा दोर, गुंडाळ्याच्या गुंडाळ्या. आक्का ओरडल्या, हिरवं गं, हिरवं! त्यांनी खोकं हिसकून घेतलं आणि हिरवं दाबलं, पण तोवर सैल दोर खाली कशाला तरी वेटोळी घालून बसला होता. मशीन कुंथली, दोन्ही होड्यांची नाकं खाली गेली आणि बाळू मिस्त्रीचा खटका पडला. परत लावला, परत पडला. दत्तूनं कसाबसा आपला आकडा सोडवला आणि म्हणाला, काकी, आता ह्यो पाणी आटल्याबिगर निघत न्हाय.

"म्हटलं न्हवतं?" आक्का हॉटेलवाल्याला सांगत होत्या. "हिच्या हाताला सवय न्हाय."

हॉटेलवाला दत्तूच्या होडीतनं काठाला गेला, बूट उलटे करून पाणी काढलं आणि जी गाडी काढली ती परत आला नाही.

आमची होडी एकटीच तिथं राहिली. ना माणूस, ना शीड, ना आवाज. दोन-चार दिवसांनी दत्तू लांबनं जात होता, बघतो तर होडीच्या चारी बाजूंनी गुलाबी पक्षी! हात लांब केला तर लागतील इतके जवळ. पाणी उतरून आजूबाजूच्या उंचवट्यांवर उथळ झालं होतं आणि त्या मुक्या होडीची त्यांना भीतीच उरली नव्हती. दत्तूच्या होडीतला एक फोटोवाला म्हणाला, मला त्या होडीत नेऊन सोडा, पैसे घ्या, पण मला आत्ता तिच्यात सोडा.

तेव्हापासनं असं चाललंय. दत्तू आपल्या होडीनं माणसं हळूच आणून सोडतो, ती आमच्या होडीत सकाळभर बसतात. संपत उशीला टेकून त्यांना पक्ष्यांची नावं सांगतो. वाकायचं नाही, ओढायचं नाही, गेट नाही, शिट्टी नाही. मंगल भाकरी आणि चिलापी पाठवते. लोक आधी विचारतात, ती अडकलेली होडी रिकामी आहे का? आक्कांच्या मशीनचा व्हिडिओ आता कुणी काढत नाही.

परवा आक्का माझ्या ओसरीला येऊन बसल्या.  त्यांनी त्या दोन बाभळींकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"हौसा, आपली जुनी विहीर त्याच अंगाला हुती न्हवं? खांबाची?"

"असंल," मी म्हणाले. "पाण्यात कुठं कळतंय."

आक्कांनी चहाचा कप खाली ठेवला.

"बरं, ते ऱ्हाऊ दे. हिरवं वरचं आन लाल खालचं, एवढं तुला ठावं हुतं का न्हवतं?"

मी त्यांच्या कपात अजून थोडा चहा ओतला.

"आक्का, माज्या हाताला सवय न्हवती."